संगणकातला बोंगो आणि मावशीचे गाणे

क्युबाची तालवाद्ये आता घरच्या संगणकातही वाजतात. ती कशी वाजवावीत आणि गाणाऱ्याला त्यांची साथ कशी मिळावी, हे बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका मराठी घरात बसून शिकायला मिळाले.

"मला नाही बाई याच्या मागे धावता येत!" असे म्हणून मावशीने कानावरचा हेडफोन काढला आणि माईकसमोरून उठून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. खोलीत संगणक आपला वाजतच होता. बोंगो, काँगा, मराकास, सगळे कसे सुरेख, ठाकठीक. फक्त गाणारीच निघून गेली होती.

बसवनगुडीतल्या गांधी बाजारापासून पाच मिनिटांवर मावशीचे घर आहे. पहाटे फुलांच्या बाजाराची गडबड, मग फिल्टर कॉफीचा वास आणि शेजारच्या घरातून येणारे मृदंगाचे पाठ, असा तिथला दिवस उगवतो. १९६६ मध्ये लग्न होऊन मावशी पुण्याहून इथे आली. पहिल्याच श्रावणात ओळखीच्या मराठी बायकांनी तिची मंगळागौर जागवली, तेव्हा तिने स्वतःच एक गाणे रचले. शब्द झिम्मा-फुगडीचे, पण ठेका सिनेमातला. शाळकरी वयात पाहिलेला 'अलबेला' तिच्या डोक्यातून गेला नव्हता ना! पुढे कितीतरी श्रावणांत ते गाणे त्या मंडळींत म्हटले गेले.

आज मावशीने ऐंशी ओलांडली आहे. तिच्याबरोबर ते गाणे म्हणणाऱ्या दोन मैत्रिणी आता हयात नाहीत. चाल कुठे लिहून ठेवलेली नाही, ध्वनिमुद्रण तर नाहीच. दम लवकर लागू लागल्यापासून मावशी गायला बसतही नाही. "आत्ता नाही, तर कधीच नाही," असे म्हणून ताईने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, घरीच गाणे मुद्रित करण्याचा घाट घातला. ताईची लेक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. संगणकाचे काम तिने अंगावर घेतले. आजीला 'अलबेला'चा ठेका आवडतो, म्हणून तिने मोठ्या हौसेने लॅटिन तालवाद्ये निवडली. मिनिटाला ११२ ठोके अशी गती ठरवली, तयार ठेका लावला आणि आजीला हेडफोन दिला.

मावशी दुसऱ्या ओळीच्या शेवटी श्वासासाठी थांबते, ध्रुवपदावर येताना किंचित घाई करते. ती नेहमी तशीच गायली आहे. संगणक मात्र थांबला नाही, की घाईत आला नाही. तिसऱ्या खेपेला मावशीने हेडफोन काढला. भाचीचे डोळे भरून आले. तिचे नेमके काय चुकले होते? ते समजून घेण्याआधी ही वाद्ये आपल्याकडे आली कशी, ते पाहू या.

हवानाहून मुंबईला

बोंगो, काँगा, टिंबाली, मराकास, ग्विरो आणि क्लाव्हे ही मंडळी प्रामुख्याने क्युबाची. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपले ढोल आठवणीत जपले आणि नव्या भूमीत नव्याने घडवले. क्युबात गुलामगिरी संपली ती १८८६ मध्ये, पण त्या माणसांचे ताल टिकले. २०१६ मध्ये युनेस्कोने क्युबाच्या 'रुंबा'ला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. अगोगो आणि क्विका ही वाद्ये मात्र ब्राझीलच्या सांबाची. दोन्ही देशांच्या वाद्यांना सरसकट 'लॅटिन' म्हटले जात असले, तरी त्यांची घराणी वेगळी आहेत.

१९४७ मध्ये क्युबाचा चानो पोझो हा वादक न्यूयॉर्कला डिझी गिलेस्पी यांच्या जॅझ वाद्यवृंदात काँगा वाजवू लागला आणि या तालांना नवे श्रोते मिळाले. पुढे अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला. खरे क्युबन बोंगो मिळेनासे झाले, तेव्हा मार्टिन कोहेन नावाच्या एका अभियंत्याने ते स्वतःच बनवायला घेतले. त्यातूनच १९६४ मध्ये 'लॅटिन पर्कशन' ही कंपनी उभी राहिली.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही वाद्ये रुजवण्याचे मोठे श्रेय कावस लॉर्ड या पारशी वादकाला जाते. 'अलबेला' (१९५१) मधल्या पाश्चात्त्य ठेक्याच्या गाण्यांत सी. रामचंद्रांनी बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन अशी सांगड घातली. पुणतांब्याचे हे रामचंद्र नरहर चितळकर, पडद्यावर आपले भगवानदादा आणि साथीला गोव्याचा चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद! मराठी, पारशी आणि गोवेकर हातांनी क्युबाच्या ठेक्याला असे काही आपलेसे केले, की पुण्यातल्या एका शाळकरी मुलीला तो परका वाटलाच नाही. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात अमृतराव काटकरांनी 'रेसो-रेसो' हे खरवडून वाजवायचे वाद्य गाजवले. आपल्या ऑर्केस्ट्रातले वादक तर काँगाला 'तुंबा' म्हणू लागले. नाव बदलले की पाहुणा घरचा झाला, असे समजावे!

हात गेला, आवाज राहिला

कावस लॉर्ड यांचे पुत्र केरसी लॉर्ड हेही मोठे वादक. १९७० च्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्या मोजक्या मंडळींत त्यांचे नाव घेतले जाते. वडिलांनी बोंगो आणला, मुलाने वीज आणली, असा हा योग.

१९८० मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचे 'टीआर-८०८' हे तालयंत्र आले. त्यात ढोल-झांजांबरोबर काँगा, क्लाव्हे आणि मराकास यांचेही विजेवर घडवलेले आवाज होते. हेच यंत्र वापरून मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर आधारित दहा रचनांची तबकडी केली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कौतुक केले. १९८५ मध्ये ऑक्टोपॅड आला. आठ चौकोनांवर काठ्या आपटल्या, की बोंगोही वाजे आणि टिंबालीही. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांना ही मोठीच सोय झाली. पण जिथे तीन-चार तालवादक बसत, तिथे एकावरच काम भागू लागले, हेही विसरता येत नाही.

१९९१ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी 'जनरल मिडी' नावाची एक समान यादी ठरली. कोणत्या क्रमांकाला कोणता आवाज, हे सर्व कंपन्यांसाठी एकच झाले. त्या यादीत ४७ तालवाद्यांचे आवाज आहेत. ६० आणि ६१ क्रमांकावर बोंगो, ६२ ते ६४ वर काँगा, ६५ आणि ६६ वर टिंबाली, मग अगोगो, कबासा, मराकास, पुढे ग्विरो, ७५ वर क्लाव्हे. स्वरवाद्यांच्या यादीत आपली सतार आहे, सनईसुद्धा आहे. पण तालवाद्यांच्या यादीत तबला नाही, ढोलकी नाही, मृदंगही नाही! घराघरांतल्या छोट्या कीबोर्डवर 'रुंबा' आणि 'बोसानोव्हा'ची बटणे होती, पण केहेरव्याचे बटण शोधावे लागे, ते उगीच नव्हे.

संगणक नेमके काय करतो?

आजची 'आभासी' वाद्ये त्या जुन्या यंत्रांपेक्षा फार पुढे गेली आहेत. ईझीड्रमर या तालवाद्यांच्या सॉफ्टवेअरसाठी लॅटिन वाद्यांचा वेगळा संच मिळतो. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा 'क्युबा' नावाचाच संच आहे. अॅपलच्या संगणकावरील गॅरेजबँडमध्येही ही वाद्ये मिळतात, आणि एलएमएमएस किंवा हायड्रोजन अशी सॉफ्टवेअर विनामूल्य वापरता येतात.

यांतल्या चांगल्या संचांत खरा वादक स्टुडिओत बसवून त्याची एकेक थाप मुद्रित केलेली असते. हळू थाप, मध्यम थाप, जोरकस थाप, सगळ्या वेगवेगळ्या. तुम्ही कळ किती जोरात दाबली, याला संगणक १ ते १२७ पर्यंत आकडा देतो आणि त्यानुसार थाप निवडतो. एकाच जोराच्याही चार-सहा थापा साठवलेल्या असतात व त्या आळीपाळीने वाजवल्या जातात. नाही तर तीच ती थाप पुन्हा पुन्हा ऐकून बंदूक झाडल्यासारखे वाटते.

काँगाची उघडी थाप घुमते, चापट कडाडते, दाबलेली थाप मिटून जाते आणि तळव्याची थाप जमिनीतून आल्यासारखी येते. तबल्याच्या 'ना', 'तिं' आणि 'घे' मध्ये जेवढा फरक, तेवढाच इथेही आहे. म्हणून एकच आवाज घेऊन ठेका बांधणे म्हणजे सबंध तबला फक्त 'ना' वर वाजवण्यासारखे आहे.

भाचीला हे सगळे ठाऊक होते. तिचा संचही उत्तम होता. तरी मावशी उठून गेली.

शेजारच्या मास्तरांचा सल्ला

संध्याकाळी शेजारचे मृदंगाचे मास्तर आले. गल्लीत सारे त्यांना 'मेष्ट्रु' म्हणतात, कन्नडमध्ये मास्तर म्हणजे मेष्ट्रु. त्यांनी भाचीचा ठेका डोळे मिटून ऐकला आणि कन्नडमध्ये एकच प्रश्न विचारला. ताईने तो मराठीत सांगितला, "हा माणूस श्वास कधी घेतो?"

मेष्ट्रु यंत्राचे वैरी नाहीत. त्यांच्या शिकवणीत तंबोरा यंत्राचाच असतो. आणि तो शोधही याच शहरातला. बंगळूरचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तयार केली. त्यांच्या राडेल कंपनीची तंबोरा आणि तबल्याची यंत्रे आज देशभरातल्या घरांत रियाझाला वापरली जातात. "तंबोऱ्यानं बदलायचं नसतं, म्हणून तो यंत्राचा चालतो," मेष्ट्रु म्हणाले. "रियाझाला ठोकाही यंत्राचा चालतो, कारण तिथं आपल्याला सुधारायचं असतं. पण साथ करणाऱ्यानं गाणाऱ्याकडं बघायचं असतं. तुमचा हा वादक अक्कांकडं बघतच नाही."

मग त्यांनी भाचीला विचारले, "या संगीताचा कणा कुठला?" भाचीने क्लाव्हेचा ठेका ऐकवला. क्लाव्हे म्हणजे लाकडाच्या दोन छोट्या दांड्या, आपल्या चिपळ्यांच्या दूरच्या बहिणी म्हणा ना! सोळा मात्रांत त्यांचे फक्त पाच आघात पडतात, पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. बाकीची सगळी वाद्ये या पाच आघातांना धरून चालतात. मेष्ट्रुंनी दोनदा ऐकले, बोटांवर मोजले आणि हसले. "तीन, तीन, चार, दोन, चार. हे तर आमच्याकडं तोंडानं म्हणतात."

आणि त्यांनी म्हणून दाखवले:

तकिट – तकिट – तकधिमि – तक – तकधिमि

वाचकहो, तुम्हीही म्हणून पाहा. प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या. चार-पाच वेळा म्हटलेत, की हवानाचा ठेका तुमच्या हातात आलाच समजा! तीनतालाच्याही सोळाच मात्रा. फरक इतकाच, की तिथे चार-चारचे समान विभाग, इथे वाट जरा वाकडी.

"आधी तोंडात, मग हातात, मग यंत्रात," मेष्ट्रुंनी सांगितले. कर्नाटक संगीतात तालवाद्य शिकणारा विद्यार्थी बोल तोंडाने म्हणायला शिकतो. आपल्याकडे तबल्याची पढंत असते, तीही तशीच. भाची दोन दिवस घरभर 'तकिट तकिट' करत फिरली. स्वयंपाकघरातून मावशीने तिसऱ्या दिवशी आपोआप टाळी धरली!

मग उलटे केले

तिसऱ्या दिवशी भाचीने कामाचा क्रमच उलटा केला. संगणकाचा ठेका बंद केला. मावशीला हेडफोन दिलाच नाही. खिडकी लावली, पंखा बंद केला, माईक आधारावर बसवून तोंडापासून वीतभर दूर ठेवला आणि म्हणाली, "आजी, तू नुसतं गा. मंगळागौरीला गायचीस तसं."

मावशी गायली. दुसऱ्या ओळीनंतर थांबली, श्वास घेतला, ध्रुवपदावर घाई केली. एका कडव्यात शब्द विसरला, तिथे ती स्वतःशीच हसली आणि पुढे गेली. सारे मुद्रित झाले.

आता ठेका बसवायचा होता, तो या आवाजाभोवती. भाचीने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि छोट्या कीबोर्डवर दोन बोटांनी बोंगो वाजवू लागली. आजी थांबली की तीही थांबायची, आजी घाईला आली की तीही सरकायची. बोंगोच्या जोडीत लहान ढोलक्याला स्पॅनिशमध्ये 'नर' म्हणतात आणि मोठ्याला 'मादी'. आधी ही जोडी बसली. मग दुसऱ्या फेरीत काँगा आला. त्याचा साधा चलनी ठेका असा, की चार ठोक्यांत दुसऱ्यावर चापट पडते आणि चौथ्याला दोन उघड्या थापा घुमतात. शेवटी मराकास, तेही फक्त ध्रुवपदाला. क्लाव्हे तिने वाजवलाच नाही. तो नुसता मनात ठेवला.

पहिल्या प्रयत्नात बोंगो सारखा मागे पडू लागला. कळ दाबल्यानंतर आवाज उशिरा येत होता. संगणक आवाजाचे बारीक तुकडे गोळा करून मग वाजवतो, त्या साठ्याला 'बफर' म्हणतात. सेकंदाला ४४,१०० तुकडे धरले, तर १०२४ तुकड्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ सहस्रांश सेकंदांचा उशीर. कानाला तो खटकतो. भाचीने तो २५६ वर आणला. उशीर ६ सहस्रांशांच्या आत आला आणि बोट व आवाज एकत्र पडू लागले.

संगणकात एक सोय असते, मागेपुढे पडलेले सारे ठोके एका कळीत नेमक्या जागी बसवण्याची. भाचीचा हात तिकडे वळलाही होता. ताईने तो धरला. "राहू दे गं. ती चूक नाही, ते आपल्या आईचं गाणं आहे."

घरी करून पाहायचे असेल तर

तुमच्याही घरात एखादे असे गाणे असेल. आजीची अंगाई, आत्याचा भोंडला, वडिलांनी बसवलेली आरती. ते मुद्रित करून त्याला तालाची साथ द्यायची असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. आधी आवाज, मग ठेका. गाणारी व्यक्ती वयस्कर असेल, तर हा क्रम मोडू नका. तालाविना गायलेला आवाज तसाच जपून ठेवा. पुढे साथ कितीही वेळा बदलता येते, आवाज पुन्हा मिळत नाही.

२. सामान थोडेच लागते. चालता संगणक, एक माईक, तो संगणकाला जोडणारी ध्वनिपेटी, बंद कानांचे हेडफोन आणि २५ कळांचा छोटा कीबोर्ड. सुरुवात विनामूल्य सॉफ्टवेअरने करा. चोरीच्या प्रती घेऊ नका. ज्या वादकाची थाप त्यात आहे, त्याच्या मेहनतीचा तो अपमान ठरतो, शिवाय संगणकात नसते रोग शिरतात.

३. वाद्ये मोजकी घ्या. एक बोंगो आणि एक मराकास एवढ्यानेही गाणे सजते. सगळी वाद्ये एकदम वाजवली, की बाजार भरतो.

४. माणसाला दोनच हात असतात, हे विसरू नका. बोंगोवादक एकाच क्षणी तीन थापा देऊ शकत नाही. संगणक देऊ शकतो आणि तिथेच सोंग उघडे पडते.

५. प्रत्येक थापेचा जोर निराळा ठेवा. सगळे आकडे १२७ वर गेले, तर ते वादन राहत नाही, बडवणे होते.

६. तयार ठेका वापरायचाच असेल, तर निदान तो कुठे थांबवायचा ते तुम्ही ठरवा. शब्द महत्त्वाचा असेल, तिथे वाद्य गप्प असावे.

७. गावात ढोलकी किंवा तुंबा वाजवणारा कुणी असेल, तर त्याला एकदा तरी बोलवा, मानधन द्या आणि ऐका. हात कसा पडतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर कीबोर्डवरची बोटेही शहाणी होतात.

हा शेवटचा मुद्दा केवळ सौजन्याचा नाही. संचांत साठवलेली प्रत्येक थाप कुणीतरी माणसाने आयुष्यभर हात झिजवून कमावलेली असते. त्यांची नावे रसिकांपर्यंत क्वचितच पोचतात. आपल्या जुन्या चित्रपटगीतांतल्या वादकांचेही तसेच झाले. गायकाचे नाव तबकडीवर आले, संगीतकाराचेही आले, पण कावस लॉर्ड किंवा अमृतराव काटकर ही नावे आज किती घरांत ठाऊक आहेत? हातांची आठवण ठेवली, तरच यंत्रातल्या आवाजाला अर्थ राहतो.

आठवड्याने गाणे तयार झाले. ताईने मेष्ट्रुंनाही बोलावले. मावशी देवघराजवळच्या आरामखुर्चीत बसून ऐकत होती. दुसऱ्या ओळीनंतर तिचा श्वास ऐकू आला आणि बोंगो तिच्यासाठी थांबला. ध्रुवपदाला मराकास खुळखुळले, तशी तिची मान हलू लागली. शब्द विसरल्यावरचे ते हसूही तसेच ठेवले होते.

गाणे संपले. क्षणभर कुणी बोलले नाही. मग मावशीने नातीला जवळ बोलावून विचारले, "हा वाजवणारा कोण गं? चांगला आहे. माझ्यासाठी थांबतो."

"मीच आहे, आजी."

"मग असं कर," मावशी म्हणाली, "त्या विसरलेल्या कडव्याचा शब्द मला आत्ता आठवला. माईक लाव पुन्हा."